चालता संगणक जुना कसा ठरतो?

अभ्यासिकेतील जुना संगणक सुरू होतो, पडदा उजळतो. परंतु ब्राउझरची नवी आवृत्ती तो घेत नाही. यंत्र बिघडले असे समजून पुष्कळ जण ते भंगारात काढतात. वस्तुतः बिघाड यंत्रात नसतो.

फाइल उघडणे, इंटरनेट जोडणे ही कामे कोणतेही सॉफ्टवेअर ऑपरेटिंग सिस्टिमकडून करवून घेते. नव्या सॉफ्टवेअरला लागणाऱ्या काही सोयी जुन्या सिस्टिममध्ये नसतात. शिवाय प्रत्येक जुन्या सिस्टिमवर चाचणी घेण्याचा खर्च कंपन्यांना नको असतो, हेही खरे!

२००९ साली आलेल्या विंडोज ७ ची नियमित सुरक्षा-दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ जानेवारी २०२० रोजी थांबविली. तिच्यावर चालणारी गूगल क्रोमची शेवटची आवृत्ती १०९ वी. फेब्रुवारी २०२३ मधील ११० व्या आवृत्तीपासून विंडोज १० किंवा त्यापुढील सिस्टिम लागते. विंडोज १० चीही नियमित साथ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-सोय लागते. ती अनेक जुन्या यंत्रांत नाही.

जुना ब्राउझर पुढेही चालतो, पण त्यात नव्याने सापडलेली भगदाडे कोणी बुजवीत नाही. म्हणून अशा यंत्रावरून बँकेचे व्यवहार करू नयेत, शिष्यवृत्तीचे अर्जही भरू नयेत. इंटरनेट न जोडता टायपिंगचा सराव खुशाल करावा.

यंत्र ६४-बिटचे असल्यास लिनक्सची हलकी, विनामूल्य आवृत्ती बसवून नवा ब्राउझर वापरता येतो. मात्र तत्पूर्वी सर्व फाइलींची प्रत पेन ड्राइव्हवर घ्यावी. सिस्टिम बदलताना डिस्क पुसली जाऊ शकते.