हाडावरील रेघ आणि हत्याराची जात

प्राचीन मानवाने मांस कापले ते कशाने, या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा हत्यारापेक्षा हाडच अधिक खात्रीने देते; कारण दगडी पाते बोथट होऊन उकिरड्यावर पडले, तरी त्याने हाडावर ओढलेली रेघ, माती अनुकूल असल्यास, सहस्रावधी वर्षे शाबूत राहते. टांझानियातील ओल्डुवाय घळीत मिळालेल्या, सुमारे अठरा लक्ष वर्षांपूर्वीच्या हाडांवरील अशा रेघांचा तपशील १९८१ साली प्रसिद्ध झाला आणि या परीक्षणाकडे विद्वानांचे लक्ष वेधले गेले.

हाताने फोडलेल्या पात्याच्या दोन बाजू सारख्या नसतात आणि धारेवर सूक्ष्म दाते राहतात; म्हणून दगडाची खाच बहुधा रुंद, एका अंगाने उभी व दुसऱ्या अंगाने उतरती अशी पडते, आणि तिच्या भिंतीवर बारीक समांतर रेघोट्या उमटतात. घासून धार लावलेल्या धातूची खाच अरुंद, खोल आणि स्वच्छ असते. अर्नाळ्याच्या बाजारात विळीवर घोळ कापणाऱ्या कोळणीने टाकून दिलेला मणका भिंगाखाली धरला, तर पोलादाची ही एकसरळ सफाई कोणालाही दिसावी.

पण त्याच अर्नाळ्याच्या पुळणीवर लाटांनी लोळवलेले आणि येणाऱ्याजाणाऱ्यांनी तुडवलेले बकऱ्याचे हाड उचलून तिरप्या उन्हात धरावे, म्हणजे आकारावर विसंबणाऱ्याची पंचाईत ध्यानात येते. वाळूचा कणदेखील दगडच. पायाखाली दाबला गेला की तोही हाड कोरतो, आणि त्याची रेघ पात्याच्या रेघेशी इतकी मिळतीजुळती असते की १९८६ साली या साम्याविषयी अभ्यासकांना जाहीर इशारा द्यावा लागला. इथिओपियातील दिकिका येथील, चौतीस लक्ष वर्षांपूर्वीच्या मानलेल्या खुणांचे प्रकरण तर अद्याप निकालात निघालेले नाही: त्या कापल्याच्या, तुडवल्याच्या की सुसरीच्या दातांच्या, यावर तीन पक्ष भांडत आहेत.

माझ्या मते अशा वेळी रेघेच्या रूपाहून तिच्या जागेची साक्ष अधिक ग्राह्य धरावी. तुडवल्याचे ओरखडे हाडावर वाटेल तसे पसरतात; खाटकाचा हात मात्र स्नायुबंध जिथे तोडायचे त्या सांध्याशी, मांस सोडवायचे त्या नळीवर, अथवा जिथे मांस नाहीच अशा खुराजवळच्या हाडावर, म्हणजे कातडे सोलतानाच, पडतो.

महाराष्ट्रात हा विचार लावण्याजोगे उत्तम स्थळ म्हणजे शिरूर तालुक्यातील, घोड नदीकाठचे इनामगाव. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ पासून तेथे दीर्घकाळ उत्खनन केले, आणि इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळातील त्या शेतकऱ्यांच्या वसाहतीत गुरे, शेळ्यामेंढ्या व हरणे यांच्या हाडांवर कापल्याच्या व भाजल्याच्या खुणा आढळल्या. येथे पेच असा की, या लोकांना तांबे ठाऊक होते. ज्या गावावरून त्यांच्या संस्कृतीला नाव मिळाले त्या संगमनेरजवळच्या जोर्व्याला तांब्याच्या सहा चपट्या कुऱ्हाडी सापडल्या आहेत. तरीही घरोघर चालत ती गारेची लांब पाती, ज्यांचा कच्चा माल दख्खनच्या काळवथरी खडकाच्या पोकळ्यांतून फुकट मिळे. तांबे दुरून आणावे लागे; असे मोलाचे पाते हाडावर घासून बोथट करणारा गृहस्थ विरळाच असणार. तेव्हा इनामगावच्या हाडावरील बारीक रेघ, भिंगाखाली उलट पुरावा निघेपर्यंत, गारेच्या पात्याच्या नावे मांडावी; नळी वा मणका घाव घालून तोडलेला असेल, तेथे मात्र कुऱ्हाडीची चौकशी अवश्य करावी, आणि ती तांब्याची की घासलेल्या दगडाची हेही विचारावे.