जुन्या जीटीआयचा खरा हिशेब

चारपाच माणसे आणि त्यांचे सामान वाहून नेणाऱ्या साध्या, आखूड मोटारीत तिच्या आकारमानापेक्षा बरेच ताकदवान इंजिन, कडक सस्पेन्शन आणि मोठे ब्रेक बसवले की जो प्रकार तयार होतो, त्याला ‘हॉट हॅच’ म्हणतात. हा प्रकार सामान्य ग्राहकापर्यंत नेण्याचे श्रेय बहुतेक जण फोक्सवॅगनच्या गोल्फ जीटीआयला देतात. १९७५ च्या फ्रँकफर्ट प्रदर्शनात ती प्रथम दाखवली गेली आणि पुढच्या वर्षी विक्रीला आली, तेव्हा कंपनीचा बेत जेमतेम पाच हजार गाड्या काढण्याचा होता. प्रत्यक्षात पहिल्या पिढीच्याच साडेचार लाखांहून अधिक गाड्या खपल्या. २००४ मध्ये आलेली पाचवी पिढी, म्हणजे दोन लिटरचे टर्बो इंजिन आणि २०० पीएस ताकद असलेली जीटीआय, आज जुन्या गाड्यांच्या युरोपीय बाजारात नव्या छोट्या मोटारीच्या अंशमात्र किमतीत मिळते, आणि नेमका तिथेच खरेदीदाराचा हिशेब चुकतो. कारण वयाबरोबर गाडीची किंमत उतरली, तरी तिचे सुटे भाग आणि गॅरेजची मजुरी वेगवान, महागड्या गाडीच्याच दराने मोजावी लागते.

या इंजिनाचा सर्वांत कुप्रसिद्ध दोष एका अगदी लहान भागात आहे. पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारले जात असल्याने ते शंभर बारच्या आसपास दाबाने पोचवावे लागते. हा दाब निर्माण करणारा पंप कॅमशाफ्टच्या, म्हणजे इंजिनाच्या झडपा उघडणाऱ्या फिरत्या दांड्याच्या टोकावरील उंचवट्यांनी चालतो. हे उंचवटे आणि पंपाचा दट्ट्या यांच्यामध्ये कॅम फॉलोअर नावाची वाटीसारखी धातूची छोटी टोपी असते. तिच्या पृष्ठभागावरचा कठीण लेप घासून गेला की खालचा धातू झिजू लागतो, टोपीला भोक पडते, आणि मग दट्ट्या थेट कॅमशाफ्टवर घासून पंप आणि कॅमशाफ्ट दोन्ही खराब करतो. ही झीज बाहेरून बहुधा कळत नाही. वेग घेताना ताकद कमी पडणे किंवा डॅशबोर्डवरचा इंजिनाचा दिवा लागणे या खुणा दिसेपर्यंत अनेकदा उशीर झालेला असतो. टोपी स्वतः अतिशय स्वस्त असून पंप उतरवून ती तपासणे माहीतगार मेकॅनिकला फारसे अवघड नाही. कॅमशाफ्ट बदलण्याचा खर्च मात्र तिच्या कित्येक पट होतो. म्हणून ही टोपी शेवटची कधी तपासली, या प्रश्नाला विक्रेत्याकडे उत्तर नसेल, तर ती तपासलेलीच नाही असे धरून चालणे शहाणपणाचे ठरते.

थेट फवाऱ्याचा दुसरा परिणाम संथ, पण टाळता न येणारा आहे. जुन्या पद्धतीच्या इंजिनात पेट्रोल आत येणाऱ्या हवेबरोबरच झडपांवरून जात असल्याने त्या आपोआप धुतल्या जात. इथे पेट्रोल त्यांना स्पर्शच करत नाही, आणि क्रँककेसमधून परत येणाऱ्या तेलकट वाफांचा काजळीसारखा थर झडपांच्या पाठीवर साचत जातो. त्यामुळे गार इंजिन सकाळी अडखळत चालू होते आणि ताकद हळूहळू घटते. टाकीत ओतायची कुठलीही बाटली या थरापर्यंत पोचत नाही. इनटेक मॅनिफोल्ड उतरवून अक्रोडाच्या कवचांची भुकटी हवेच्या दाबाने झडपांवर मारणे हा रूढ आणि परिणामकारक उपाय होय. याच वाफांचे नियमन करणारा पीसीव्ही व्हॉल्व्ह आणि टर्बोचा जादा दाब वळवणारा डायव्हर्टर व्हॉल्व्ह हे दोन्ही या गाडीत निकामी होण्याबद्दल ओळखले जातात. दुसऱ्यातील रबरी पडदा फाटला की टर्बोचा दाब वाया जातो. इंजिनाच्या संगणकातील प्रोग्रॅम बदलून ताकद वाढवण्याचा, म्हणजे रीमॅपिंगचा, मोह या गाड्यांच्या मालकांना फार असतो आणि मिळणारी वाढ खरीही असते. पण तिचा जादा भार याच पडद्यावर, क्लचवर आणि टर्बोवर पडतो, ही गोष्ट विक्रीच्या जाहिरातीत सहसा लिहिलेली नसते.

दोन क्लच असलेला डीएसजी हा स्वयंचलित गिअरबॉक्स एक क्लच गुंतलेला असताना पुढचा गिअर दुसऱ्यावर तयार ठेवतो, म्हणून त्याची गिअरबदली झटकन होते. या पिढीतील सहा गिअरांच्या डीएसजीचे क्लच तेलात बुडालेले असतात आणि ते तेल साधारण ६०,००० किलोमीटरला बदलावे लागते. मधल्या मालकाने हा खर्च टाळला असेल, तर मेकॅट्रॉनिक, म्हणजे गिअर आणि क्लच चालवणारा इलेक्ट्रॉनिक व हायड्रॉलिक घटक, बिघडण्याची शक्यता वाढते. हा घटक बदलायची वेळ आली, तर कधीकधी गाडीच्या किमतीशी तुलना करण्याइतके बिल येते. टायमिंग बेल्टच्या बाबतीतही हेच खरे आहे, कारण तो तुटला तर पिस्टन झडपांवर आपटून इंजिनच मोडते, आणि म्हणून बेल्टबरोबरच पाण्याचा पंप बदलणे व त्याची पावती जपून ठेवणे अपेक्षित असते. नंतरच्या सहाव्या पिढीत बेल्टऐवजी साखळी आली आणि फॉलोअरची कटकट संपली. पण सुरुवातीच्या इंजिनांत साखळी ताणून धरणारा टेन्शनर निकामी होऊ लागला, त्यामुळे मॉडेल नवे म्हणून निर्धास्त राहण्याची सोय तिथेही नाही.

सस्पेन्शनचे रबरी बुश आणि दारांच्या कुलपांतील सूक्ष्म स्विच वयाप्रमाणे जातातच. ब्रिटनसारख्या दमट, हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकणाऱ्या देशात पुढच्या मडगार्डच्या आत बसवलेला फोम ओल धरून ठेवतो आणि पत्रा आतून गंजतो. चांगल्या दर्जाचे रुंद टायर, जास्त ऑक्टेनचे पेट्रोल आणि विम्याचा चढा हप्ता हे खर्च तर गाडी बिघडली नाही तरी चालूच राहतात.

भारतीय वाचकाला हा विषय अगदीच परका नाही. फोक्सवॅगनने २०१६ मध्ये तीन दारांची पोलो जीटीआय भारतात अवघ्या ९९ गाड्यांपुरती आयात केली, तर गोल्फ जीटीआय इथे अधिकृतपणे २०२५ मध्येच आली. पुण्याजवळच्या चाकणमध्ये २०२२ पर्यंत वर्षानुवर्षे पोलो तयार होत होती, तरी आयात केलेल्या त्या जीटीआयचे १.८ लिटरचे इंजिन तिथल्या पोलोत नव्हते. त्यामुळे इंजिनाच्या भागांसाठी तिच्या मालकाला स्थानिक दुकानांपेक्षा परदेशातून मागणी नोंदवण्यावरच अधिक भिस्त ठेवावी लागते.

अशी गाडी घेऊ पाहणाऱ्याने किलोमीटरच्या आकड्यापेक्षा पावत्यांची फाइल आधी मागावी. नियमित तेल, बेल्ट, फॉलोअर आणि डीएसजीच्या नोंदी असलेली दोन लाख किलोमीटर चाललेली जीटीआय ही कागदपत्रांशिवाय विकायला ठेवलेल्या ऐंशी हजार किलोमीटरच्या चकचकीत गाडीपेक्षा अधिक विश्वासार्ह असते. फाइल असली, तरी खरेदीच्या रकमेपलीकडे पहिल्याच वर्षासाठी दुरुस्तीची वेगळी तरतूद ठेवावी. तेवढी ऐपत नसेल, तर त्याच वयाची साधी, टर्बो नसलेली गोल्फ घेणे अधिक सुज्ञपणाचे.