मणक्यातलं इंजेक्शन

आमच्या गल्लीतले गुरुजी खुब्याचा गोळा बदलून घरी आले, ते भ्रमिष्ट होऊनच. मध्यरात्री उठून वर्गाची हजेरी घ्यायचे. 'पूर्ण भूल दिली, त्यानं डोकं फिरलं,' असा साऱ्या गल्लीचा निकाल.

म्हणून चंद्रपुरात ऑपरेशन थिएटरमध्ये थांबायला मिळालं तेव्हा मी सर्जनला सोडून भूलवाल्या मॅडमच्या बाजूला उभा राहिलो. टेबलावर मूल गावाकडची आजी. बांधीच्या धुऱ्यावरून घसरलेली. मोडक्या खुब्यानं वाकून बसायचं म्हणजे जीवघेणी कळ. म्हणून मॅडमनी आधी जांघेतली नस बधिर केली. मग उशी कवटाळून बसवलं. केसाएवढी सुई दोनदा हाडाला अडली. म्हातारपणी मणक्यांमधली फट बुजत जाते. तिसऱ्यांदा सुईच्या मागून पाण्यासारखा थेंब आला. 1898 मध्ये जर्मनीत ऑगस्ट बिअर यांनी मणक्यातून भूल दिली, तेव्हापासून सगळे याच थेंबाची वाट पाहतात.

"माहे पाय कोठी गेले जी?" आजी म्हणाली.

पूर्ण भूल वाईटच ना, असं मी विचारलं. मॅडम म्हणाल्या, "18.5 आणि 18."

हे 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'रिगेन' चाचणीचे आकडे. अमेरिका-कॅनडातले खुबा मोडलेले, पन्नाशी गाठलेले 1,600 रुग्ण. कोणाला कुठली भूल, ते नशिबावर सोडलेलं. 60 दिवसांनी जे दगावले होते, किंवा काठी-वॉकर घेऊनही दहा फूट चालू शकत नव्हते, ते मणक्यातल्या भुलीच्या गटात 18.5 टक्के, पूर्ण भुलीच्या गटात 18. भ्रम दोन्हीकडे साधारण पाचातल्या एकाला.

म्हणजे निवड बिनमहत्त्वाची असं नाही. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर मणक्यात सुई घालायला थांबावं लागतं; छाती खराब असेल तर पूर्ण भूल टाळलेली बरी. आपल्याकडे सिकलसेलही पाहावा लागतो. त्या रुग्णाला थंडी आणि तहान दोन्ही बाधतात, भूल कुठलीही असो. पण सिरोंचा-भामरागडकडचा म्हातारा हाड मोडून कितीतरी दिवसांनी पोचतो, त्याचं नुकसान कुठली सुई भरून काढणार? 18.5 आणि 18. कागदावर भूल कोणती दिली याचा रकाना असतो, 60 दिवसांनंतरचा नसतो.

गुरुजींचा चष्मा आणि कानातलं यंत्र दवाखान्यात पिशवीतच पडून होतं, असं त्यांच्या सुनेनं मला नंतर सांगितलं. गल्लीच्या निकालात त्याचा उल्लेख नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळीच आजीला वॉकर धरून उभं केलं. चष्मा डोळ्यांवर, नातू शेजारी. भुलीबद्दल कोणी काही विचारलंच नाही. मॅडमनी नातवाला विचारलं, घरी संडास कसला? उकिडवं बसायचा. ते आता चालायचं नाही. मग कमोडची खुर्ची मूलला मिळेल की इथूनच न्यावी, आणि एसटीत ती घेतील का, यावर बराच वेळ बोलणं चाललं.