इंचाला फूट

इंजिनीअरिंगच्या मासिकात समाजकार्याचा विषय कशाला, असं काहींना वाटेल. पण माझी मावसबहीण एम.एस.डब्ल्यू. करते. ती नेमकं काय शिकते हे जरा जवळून पाहिलं, तेव्हा त्यातला बराचसा भाग आम्हा सिव्हिलवाल्यांच्याच अभ्यासाचा निघाला! म्हणून हा लेख.

आधी एक गैरसमज दूर करतो. रक्तदान शिबिर, वृक्षारोपण, फळवाटप ही समाजसेवा. चांगलीच गोष्ट आहे, आपले एन.एस.एस.चे कॅम्पही त्यातच येतात. समाजकार्य मात्र रीतसर शिकण्याचा विषय आहे. आपल्या देशात त्याचं पहिलं कॉलेज १९३६ साली मुंबईत नागपाड्याला निघालं, सर दोराबजी टाटा यांच्या नावाने. आजची टाटा समाजविज्ञान संस्था, म्हणजेच ‘टिस’, ती हीच. तिथे आता दिव्यांगत्व या विषयात स्वतंत्र एम.ए. करता येतं. या मुलांना आठवड्यातले दोन दिवस क्षेत्रकार्य असतं. एखाद्या वस्तीत, शाळेत किंवा दवाखान्यात जायचं, लोकांबरोबर काम करायचं आणि प्रत्येक दिवसाचा अहवाल लिहून सुपरवायझरला दाखवायचा. आपल्यासारखं सबमिशनच्या आदल्या रात्री दुसऱ्याचं जर्नल उतरवून भागत नाही, कारण दुसऱ्याची वस्तीच वेगळी असते.

या अभ्यासात एक तत्त्व पहिल्या सेमिस्टरपासून घोकून घेतात, ते म्हणजे स्वयंनिर्णय. ज्याचा प्रश्न, त्याचा निर्णय. कार्यकर्त्याने माहिती द्यावी, वाट मोकळी करावी, पण ठरवायचं त्या माणसाने. वाचायला सोपं आहे. करायला गेलं की आपल्यातला ‘लीडर’ आडवा येतो.

ताईला एका शिष्यवृत्तीच्या फॉर्मवर ‘तुमची नेतृत्वाची मूल्ये’ असं एक पान लिहायचं होतं. आपण अशा ठिकाणी काय लिहितो? मी गॅदरिंगचा सेक्रेटरी होतो, मी टीम बांधली, मी अमुक केलं. तिने लिहिलं ते मुंबईतल्या एका वस्तीतल्या बैठकीबद्दल. दिव्यांगांच्या दाखल्यांबाबतची बैठक, आणि ती भरायची समाजमंदिराच्या पहिल्या मजल्यावर! चाकाच्या खुर्चीवरच्या दोन बायका खालीच थांबायच्या आणि त्यांचं म्हणणं दुसरंच कोणीतरी वर जाऊन सांगायचं. ताईने भाषण केलं नाही. तिने त्या दोघींना विचारलं आणि त्यांनी सांगितल्याप्रमाणे बैठक खालच्या अंगणात घेतली. तिसऱ्या खेपेला त्यांच्यातल्याच एकीने बैठक चालवली आणि ताई कोपऱ्यात बसून इतिवृत्त लिहीत होती. “हेच माझं नेतृत्व,” ती म्हणाली. मला हे उत्तर एकदम पटलं. शिष्यवृत्ती देणाऱ्यांना पटलं की नाही, ते अजून कळायचं आहे.

गेल्या पावसाळ्यात ती एक दिवस कुंभिवलीला आली होती. हॉस्टेलवर तिला येता येणार नव्हतं, म्हणून रस्त्यावरच्या टपरीवर आम्ही चार-पाच जण चहाला बसलो. विषय निघाला की उद्या आपल्या मजल्यावर व्हीलचेअर वापरणारा मुलगा राहायला आला तर? एक मित्र लगेच म्हणाला, “ताई, काही काळजी नाही, आम्ही चौघं त्याला खुर्चीसकट उचलून नेऊ!” मनापासून म्हणाला, आणि नेलंही असतं त्याने. ताई म्हणाली, “अरे, रात्री दोन वाजता त्याला बाथरूमला जायचं असेल तर तुम्हा चौघांना उठवायचं का त्याने? आणि सबमिशनच्या आठवड्यात?” टपरीवर सगळे गप्प. उचलून नेणाऱ्याला छान वाटतं. उचलला जाणारा मात्र पाणीसुद्धा बेताने पितो, पुन्हा पुन्हा सांगावं लागू नये म्हणून.

हॉस्टेलवरून तिने एड रॉबर्ट्सची गोष्ट सांगितली. हा अमेरिकन मुलगा चौदाव्या वर्षी पोलिओने मानेखाली जवळजवळ पूर्ण लुळा झाला. रात्री श्वासासाठी त्याला ‘आयर्न लंग’ नावाच्या लोखंडी यंत्रात झोपावं लागे. त्या यंत्राचं वजन सुमारे ८०० पौंड, म्हणजे साडेतीनशे किलोच्या वर. १९६२ मध्ये त्याला कॅलिफोर्नियात बर्कलेच्या विद्यापीठात प्रवेश मिळाला, पण हॉस्टेलच्या खोलीला ते धूड पेलवेना. (लाइव्ह लोडचा प्रश्न, सिव्हिलवाल्यांनी नोंद घ्यावी.) शेवटी त्याची सोय विद्यापीठाच्या कॉवेल हॉस्पिटलात केली गेली. मग तशीच आणखी मुलं आली आणि दवाखान्याच्या त्या मजल्याचं हॉस्टेल झालं! ही मुलं स्वतःला ‘रोलिंग क्वाड्स’ म्हणवत. खुर्च्यांची दुरुस्ती, मदतनीस मिळवणं, राहायला जागा शोधणं यासाठी त्यांनी स्वतःच योजना उभी केली. १९७२ मध्ये तिथे स्वतंत्र जीवन केंद्र सुरू झालं. कॅलिफोर्नियाच्या ज्या पुनर्वसन खात्याने एकेकाळी एडला ‘नोकरी करण्याच्या पलीकडचा’ ठरवलं होतं, त्याच खात्याचा तो १९७५ मध्ये संचालक झाला.

अमेरिकेतलं राहू द्या, आपल्या कोल्हापुरातही असंच काम उभं राहिलं. नसीमा हुरजूक यांचा कमरेखालचा भाग ऐन शिकण्याच्या वयात लुळा पडला. त्यांना सावरलं ते बाबूकाका दिवाण यांनी, आणि तेही चाकाच्या खुर्चीवरच होते. पुढे नसीमादीदींनी केंद्रीय अबकारी खात्यात नोकरी केली आणि १९८४ मध्ये ‘हेल्पर्स ऑफ दि हँडिकॅप्ड’ ही संस्था सहकाऱ्यांबरोबर काढली. त्यांत स्वतः पोलिओग्रस्त असलेल्या गायिका रजनी करकरे-देशपांडे होत्या. ‘घरौंदा’ नावाचं वसतिगृह झालं. समर्थ विद्यामंदिर ही शाळा झाली, तिथे अपंग आणि धडधाकट मुलं एकाच वर्गात. कुडाळ तालुक्यात काजूप्रक्रियेचा ‘स्वप्ननगरी’ प्रकल्प उभा राहिला. संस्थेच्या वर्कशॉपमध्ये खुर्च्या आणि कॅलिपर बनू लागले. मेकॅनिकलवाल्यांसाठी मला हे विशेष वाटतं, कारण खुर्ची वापरणाराच खुर्ची बनवत असेल तर डिझाइनमधली चूक पहिल्याच दिवशी टोचते! दीदींचं ‘चाकाची खुर्ची’ हे आत्मचरित्र मिळालं तर जरूर वाचा.

आता कायद्याचं थोडक्यात. पहिला कायदा १९९५ चा, त्यात दिव्यांगत्वाचे सात प्रकार होते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये ते एकवीस झाले, आणि सरकारी व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत किमान ५ टक्के जागा राखीव झाल्या. २०२१ मध्ये विकास कुमार या उमेदवाराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने लेखनिकाची सोय मान्य केली. त्याच्या हाताला लिहिताना वेदना आणि आकडी येई. दिव्यांगत्व ४० टक्क्यांच्या आत असलं तरी वाजवी सोय नाकारता येत नाही, असं तो निकाल सांगतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये राजीव रतूडी यांच्या खटल्यात याच न्यायालयाने सुगम्यतेचे किमान निकष सक्तीचे करायला सांगितलं. रतूडी स्वतः दृष्टिहीन आहेत आणि त्यांची याचिका होती २००५ ची! एकोणीस वर्षं. तेवढ्यात आपल्या डिग्रीच्या चार बॅचेस सहज बाहेर पडतात.

(शब्दांबद्दल एक. ‘दिव्यांग’ आता सरकारी शब्द आहे, पण चळवळीतल्या बऱ्याच जणांना तो आवडत नाही. “आमच्यात दिव्य काही नाही, बसमध्ये चढता आलं तरी पुरे,” असं म्हणणारे भेटतात. समोरच्याला विचारावं आणि तो म्हणेल तो शब्द वापरावा.)

आता आपल्या कामाचं. रॅम्पचा उतार एकास बारापेक्षा जास्त नको. गवंड्याच्या भाषेत इंचाला फूट. दारात सहा इंचांच्या तीन पायऱ्या असतील तर चढ अठरा इंच, म्हणजे रॅम्प अठरा फूट लांब हवा. जागा वाचवायला तोच सहा फुटांत बसवला की ती घसरगुंडी होते आणि खुर्ची मागे उलटते. रॅम्प संपतो तिथे वळायला साधारण पाच फूट बाय पाच फूट सपाट जागा लागते. दाराची मोकळी रुंदी ९०० मिलिमीटर हवी, आणि ती चौकटीची मोजायची नाही, दार उघडल्यावर उरते ती मोजायची. बाथरूमचं दार बाहेर उघडणारं किंवा सरकतं असावं, कारण आत कोणी पडलं तर आत उघडणारं दार त्याच्याच अंगाने अडतं. रॅम्प झालाच, तर मेसचे सिलिंडर, पाण्याचे जार आणि पाय प्लॅस्टरमध्ये घेऊन फिरणारे आपले फुटबॉलवीर यांचीही सोय होते.

सिमेंट न लागणारी कामंही आहेत. ग्रुपवर नोट्सचे फोटो टाकतो ना आपण? दृष्टिहीन मुलगा कॉम्प्युटरवर ‘एन.व्ही.डी.ए.’सारखा स्क्रीन रीडर वापरतो. तो फुकट मिळतो आणि २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या दोन दृष्टिहीन तरुणांनी तो सुरू केला. पण आपल्या हस्ताक्षराचा वाकडा फोटो त्याच्या काय कामाचा! टाइप केलेली फाइल टाका. स्टाफपैकी कोणी हे वाचत असेल तर एक नम्र विनंती. ओठ वाचून समजून घेणाऱ्या विद्यार्थ्यासाठी फळ्याकडे तोंड करून बोललेलं सगळं वाया जातं.

सर्व्हे लॅबमधला टेप एका रविवारी मागून घ्यायचा आम्हा तिघांचा विचार आहे. खोल्या, मेस, वाचनालय आणि बाथरूम मोजून कागदावर आणू. ज्यांना यायचं त्यांनी यावं. ताईने एक अट घातली आहे, की मोजायला खुर्ची वापरणारं कोणीतरी बरोबर हवं आणि कुठून सुरुवात करायची ते त्यांनी ठरवायचं. तिच्या ओळखीचे एक जण यायला तयार आहेत. त्यांनी फोनवर पहिलाच प्रश्न विचारला तो आमच्यापैकी कोणाला सुचला नव्हता: “जुलैमध्ये तुमच्याकडे शेवाळ किती धरतं?” खालापूरच्या पावसात गुळगुळीत फरशीचा रॅम्प दुसऱ्याच महिन्यात निसरडा होणार. त्यामुळे यादीत आता खडबडीत फरशी, दोन्ही बाजूंना कठडा आणि घासायला एक तारेचा ब्रश एवढं वाढलं आहे.