गॅरी कोलमनची कमाई

गॅरी कोलमन या अमेरिकन बालकलाकाराचा जन्म ८ फेब्रुवारी १९६८ रोजी इलिनॉय राज्यातील झायन या गावी झाला. कोलमन दांपत्याने त्याला तान्हेपणीच दत्तक घेतले. मूत्रपिंडाचा विकार जन्मापासूनचाच. १९७३ आणि १९८४ मध्ये प्रत्यारोपणे झाली, पण दोन्ही मूत्रपिंडे टिकली नाहीत आणि डायलिसिस पाठीशी लागले. आजार आणि औषधे यांमुळे त्याची वाढ ४ फूट ८ इंचांवर खुंटली. दूरचित्रवाणीला मात्र नेमके असेच मूल हवे होते.

शिकागोतल्या एका बँकेच्या जाहिरातीतून तो निर्मात्यांच्या नजरेत भरला आणि १९७८ मध्ये एनबीसी वाहिनीवर ‘डिफरंट स्ट्रोक्स’ ही मालिका सुरू झाली. हार्लेममधल्या दोन अनाथ कृष्णवर्णीय भावांना न्यूयॉर्कचा एक धनाढ्य गोरा गृहस्थ आपल्या घरी वाढवतो, अशी तिची कथा. धाकटा अरनॉल्ड म्हणजे गॅरी. गाल फुगवून, डोळे बारीक करून तो थोरल्या भावाला ‘काय बोलतोयस तू, विलिस?’ असे विचारी आणि प्रेक्षागृह हशाने दणाणून जाई. हे यश केवळ गोंडसपणाचे नव्हते. वाक्य कुठे तोडायचे, हशा ओसरेपर्यंत किती थांबायचे, याची त्याची जाण मुरलेल्या विनोदी नटाची होती. १९८३ च्या एका भागात अमली पदार्थांविरुद्ध बोलण्यासाठी राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी नॅन्सी रेगन स्वतः त्याच्यासोबत पडद्यावर आल्या. भरभराटीच्या काळात एका भागामागे त्याला १ लाख डॉलरपर्यंत मानधन मिळत असे.

१९८६ मध्ये मालिका संपली. तोवर गॅरी अठरा वर्षांचा झाला होता, पण लोकांना तो अरनॉल्डच हवा होता. १९८९ मध्ये त्याने आईवडील आणि माजी सल्लागार यांच्यावर, आपल्या पैशांचा गैरव्यवहार केल्याबद्दल दावा लावला. १९९३ मध्ये न्यायालयाने त्याच्या बाजूने सुमारे १२ लाख ८० हजार डॉलरचा निकाल दिला. तरीही १९९९ मध्ये त्याला दिवाळखोरी जाहीर करावी लागली. मधल्या काळात पोटासाठी त्याने सुरक्षारक्षकाची नोकरीही केली. ज्याच्या चेहऱ्यावर एक वाहिनी पोसली गेली, त्याला ही पाळी यावी हे संतापजनकच आहे.

२००३ च्या कॅलिफोर्नियातील गव्हर्नरपदाच्या निवडणुकीत एका साप्ताहिकाने त्याला उमेदवार म्हणून उभे केले. १३५ उमेदवारांत तो १४,२४२ मते मिळवून आठवा आला. २००५ मध्ये तो युटा राज्यात राहायला गेला. २८ मे २०१० रोजी मेंदूतील रक्तस्रावाने तिथेच त्याचे निधन झाले. वय अवघे ४२.

बालकलाकाराच्या कमाईचा प्रश्न त्याच्यापासून सुरू झालेला नव्हता. मूकपटांतला लाडका जॅकी कूगन याची मिळकत आई आणि सावत्र वडिलांनी उधळली, म्हणून १९३९ मध्ये कॅलिफोर्नियात ‘कूगन कायदा’ झाला. त्यात पळवाटा होत्या. न्यायालयाची मंजुरी न घेतलेल्या करारांना तो लागूच नव्हता आणि मुलाची कमाई पालकांचीच मानली जाई. माजी बालकलाकार पॉल पीटरसन यांनी १९९० मध्ये स्थापलेल्या संघटनेने या पळवाटा बुजवण्यासाठी नेटाने पाठपुरावा केला. गॅरीसारख्यांच्या कहाण्या तोवर सर्वांसमोर होत्याच. अखेर १ जानेवारी २००० पासून सुधारित कायदा लागू झाला. त्यानुसार कमाई मुलाच्याच मालकीची ठरते आणि तिचा किमान १५ टक्के भाग ते मूल सज्ञान होईपर्यंत विश्वस्त खात्यात ठेवावा लागतो.