इक्वल्स की डबल इक्वल? आधी 'का' ते सांगा!

मी मास कॉमची. कोडिंगशी माझा संबंध रूममेटच्या बडबडीपुरता. परवा ती प्लेसमेंटच्या इंटरव्ह्यूवरून तोंड पाडून आली. 'जावामध्ये दोन एनमची तुलना कशी कराल?' असा प्रश्न होता. हिने ठोकून दिलं, 'ऑब्जेक्ट आहेत, म्हणजे इक्वल्स.' समोरून आलं, 'का?' आणि हिची बत्ती गुल!

त्या रात्री आम्ही दोघींनी उत्तर शोधलं. तुम्हीही वाचून ठेवा.

समजा, तुम्ही मैत्रिणीच्या नोट्स झेरॉक्स केल्यात. मजकूर तोच, कागद वेगळा. ऑब्जेक्टच्या बाबतीत डबल इक्वल, म्हणजे ==, विचारतं, 'कागद तोच आहे का?' स्ट्रिंगचं इक्वल्स विचारतं, 'मजकूर तोच आहे का?' म्हणून स्ट्रिंगला इक्वल्स वापरा, असं सर बजावत असतात.

एनमची मात्र झेरॉक्स निघतच नाही. 2004 मध्ये जावा 5 सोबत एनम आले. त्यातली प्रत्येक व्हॅल्यू एकदाच तयार होते. 'न्यू' लिहून दुसरी बनवता येत नाही. जावाच्या डे ऑफ वीक या एनममध्ये सोमवार एकच. त्यामुळे दोन सोमवारांची तुलना कशीही करा, उत्तर तेच. एनमचं इक्वल्स आतून डबल इक्वलच वापरतं आणि ते फायनल असल्याने कुणाला बदलताही येत नाही.

मग डबल इक्वल बरं का? दोन कारणं. एक, व्हेरिएबलमध्ये नल असेल आणि त्याच्यावर इक्वल्स चालवलंत, तर नल पॉइंटर एक्सेप्शन येऊन प्रोग्रॅम आपटतो. डबल इक्वल 'हा सोमवार नाही' म्हणून शांतपणे फॉल्स देतं. दोन, चुकून वाराची तुलना महिन्याच्या एनमशी केलीत, तर डबल इक्वलला कंपायलर तिथेच अडवतो. इक्वल्स गुपचूप फॉल्स देतं आणि तुम्ही रात्रभर बग शोधत बसता.

गंमत म्हणजे, रूममेटचं उत्तर अगदीच चूक नव्हतं. इक्वल्सनेही काम भागतं. फक्त स्ट्रिंगसाठी पाठ केलेला नियम तिने एनमला चिकटवला होता. पुढच्या आठवड्यात तिचा दुसरा इंटरव्ह्यू आहे. तुमचाही जवळ आला असेल, तर पाठ केलेल्या प्रत्येक उत्तराला आजच एकदा 'का?' विचारून बघा.