मोडलेल्या तुकड्यांभोवती जमलेली माणसं

धातू आणि पदार्थ अभियंत्यांच्या संस्थेची शाखा चालवायची म्हणजे महिन्याकाठी एक व्याख्यान ठरवायचं, हॉल मिळवायचा, वर्गणी गोळा करायची आणि वर्षअखेरीस मुख्यालयाला अहवाल धाडायचा, असं बाहेरून वाटतं. नाशिकमध्ये वीस-पंचवीस वर्षं या कामात काढल्यावर मला त्यातलं सर्वांत अवघड काम वेगळंच दिसतं. आपल्या शॉपवर काय बिघडलं, हे माणसाला चारचौघांत बोलतं करणं. शाखेचे बरे दिवस आणि पडते दिवस मी यावरूनच ओळखत आलो.

नाशिक हे धातूचं गाव आहे, हे नाशिककरांनाही सांगावं लागतं. जुन्या गावात तांबट आळी आणि भांडी बाजार आहे. तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी हे शहर कारखाने येण्याच्या कितीतरी आधीपासून ओळखलं जायचं. पुरातत्त्वज्ञ सांकलिया आणि देव यांनी १९५०-५१ मध्ये नाशिक आणि जोर्वे इथे उत्खनन केलं. त्यांच्या अहवालात नाशिकच्या शेजारीच नाव येतं त्या प्रवरेकाठच्या जोर्व्याला तांब्याच्या कुऱ्हाडी मिळालेल्या आहेत. आताचं औद्योगिक नाशिक मात्र साठच्या दशकातलं. १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली. यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री असताना, १९६३ मध्ये, नाशिकमधून लोकसभेवर बिनविरोध निवडून गेले आणि ओझरला मिग विमानांचा कारखाना उभा राहिला. सातपूर, मग अंबड, पुढे सिन्नर असं हे क्षेत्र पसरत गेलं. मायको आली, आज तिचं नाव बॉश असलं तरी चौकाला लोक मायको सर्कलच म्हणतात. एकलहऱ्याचं औष्णिक वीज केंद्र आलं. महिंद्राची स्कॉर्पिओ २००२ मध्ये इथूनच बाहेर पडली.

धातूच्या माणसाला या यादीत कारखान्यांपेक्षा प्रश्न दिसतात. ओझरला हलके ॲल्युमिनियम मिश्रधातू आणि टायटॅनियम. तिथे डोळ्यांना न दिसणारी भेगसुद्धा चालत नाही. डिझेल इंजेक्टरच्या नोझलमधली सुई आणि तिची बॉडी यांच्यातली फट दोन-चार मायक्रॉनची. कडक केलेल्या पोलादात थोडासा ऑस्टेनाइट उरला आणि तो पुढे हळूहळू रूप बदलत राहिला, की ते माप सरकतं. म्हणून सब-झिरो ट्रीटमेंट करायची. वीज केंद्रात बॉयलरच्या नळ्या एक लाख तासांचा हिशेब धरून निवडलेल्या असतात, कारण उष्णता आणि दाब यांच्याखाली पोलाद वर्षानुवर्षं कणाकणाने ताणत जातं. आणि या मोठ्या कारखान्यांभोवती शेकडो लहान शॉप: हीट ट्रीटमेंट, प्लेटिंग, फोर्जिंग, फाउंड्री, प्रेस. मोठ्यांकडे मेटॅलर्जिस्ट होते, पण ते गेटच्या आत. लहानांकडे प्रश्न होते, मेटॅलर्जिस्ट नव्हता. शाखेने करायचं काम या दोन वाक्यांत आलं, पण ते आम्हाला लवकर कळलं नाही.

जगात अशा संस्था सुरू झाल्या त्यामागेही हीच अडचण होती. अमेरिकेत डेट्रॉइटला १९१३ मध्ये विल्यम पार्क वुडसाइड नावाच्या लोहाराने पोलाद तापवणाऱ्या-विझवणाऱ्या कारागिरांना एकत्र आणलं. मोटारी नुकत्याच बनू लागल्या होत्या, गिअर आणि ॲक्सल मोडत होते, आणि पोलादाला पाणी कसं द्यायचं हे ज्याचं त्याला ठाऊक होतं. वुडसाइडचं म्हणणं असं की बसून बोलूया. त्या स्टील ट्रीटर्स क्लबची पुढे एएसएम इंटरनॅशनल झाली; तिची शाखा आज पुण्यातही आहे. आपल्याकडे इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ मेटल्स १९४६ मध्ये स्थापन झाली, टाटा स्टीलचे सर जहांगीर घांदी तिचे पहिले अध्यक्ष. मुख्यालय कोलकात्याला. फाउंड्रीवाल्यांची संस्था १९५० ची. या साऱ्या संस्था शाखांच्या जोरावर चालतात, आणि शाखा चालते ती तीन-चार माणसांवर.

आमची सुरुवातीची वर्षं साचेबद्ध गेली. मुंबई-पुण्याहून मोठे वक्ते यायचे, इंग्रजीत उत्तम बोलायचे, स्लाइडवर फेज डायग्राम असायचा, शेवटी शाल-श्रीफळ आणि चहा. पहिल्या रांगेत कंपन्यांचे अधिकारी. ज्या लहान शॉपवाल्यांसाठी खटपट करायची, ते एकदा येत आणि परत फिरकत नसत. हजेरी टिकवण्यासाठी कॉलेजची मुलं बसवावी लागत. व्याख्यानं वाईट नव्हती. अनेक मी अजून विसरलेलो नाही. पण त्यांतून सोमवारी सकाळी शॉपवर काय करायचं, हे कुणाला मिळत नव्हतं.

दिशा बदलली ती एका मोडलेल्या बोल्टमुळे. एका लघुउद्योजकाने १२.९ ग्रेडचे, वर झिंक प्लेटिंग केलेले बोल्ट ग्राहकाला दिले होते. संध्याकाळी नेमून दिलेल्या टॉर्कला आवळले, दुसऱ्या दिवशी सकाळी काहींची डोकी तुटून पडलेली. तो पोलाद देणाऱ्याकडे गेला. त्याने टीसी, म्हणजे टेस्ट सर्टिफिकेट, दाखवलं आणि हीट ट्रीटमेंटवाल्याकडे बोट केलं. हीट ट्रीटमेंटवाल्याने हार्डनेसचा रिपोर्ट दाखवला, तो बरोबर होता. त्याने प्लेटिंगवाल्याकडे पाठवलं. प्लेटिंगवाला म्हणाला, माझं कोटिंग बघा, जाडी बघा. चौघांचेही कागद ठीक, आणि बोल्ट तुटलेले.

ते तुकडे प्लास्टिकच्या पिशवीतून बैठकीला आले. त्या महिन्याचे वक्ते ऐनवेळी येऊ शकले नव्हते, म्हणून पिशवीच टेबलावर ओतली. प्रयोगशाळेत आयुष्य घालवलेले एक निवृत्त गृहस्थ भिंग घेऊन बसले. तुटलेला भाग कुठेही बारीक झालेला नाही, ताणला गेलेला नाही. पृष्ठभाग दाणेदार, खडीसाखरेसारखा चमकणारा. त्यांनी प्लेटिंगवाल्याला विचारलं, ॲसिडमध्ये किती वेळ ठेवता? आणि प्लेटिंगनंतर बेकिंग करता का? बेकिंग होत नव्हतं. ते कुणी सांगितलंच नव्हतं. पिकलिंगच्या ॲसिडमध्ये आणि प्लेटिंगच्या टाकीत सुटणारा हायड्रोजन अतिकडक पोलादात शिरतो, ताण आला की दाण्यांच्या सीमांवर गोळा होतो आणि काही तासांनी, कधी एक-दोन दिवसांनी, कसलीही सूचना न देता बोल्ट तोडतो. उपाय पुस्तकात आहे: ॲसिड कमीत कमी, आणि प्लेटिंग होताच, साधारण चार तासांच्या आत, १९० ते २२० अंशांवर भट्टीत कित्येक तास ठेवून हायड्रोजन बाहेर काढायचा. पुस्तकातली ही ओळ त्या चौघांपैकी एकाच्याही कामात नव्हती, कारण ती चौघांच्या मधल्या जागेत पडलेली होती. ऑर्डरवर ‘बेकिंग’ हा शब्द लिहायचा कुणी, हेच ठरलेलं नव्हतं.

त्या संध्याकाळी चौघेही खोलीत होते. वाद झाला, आवाज चढले, पण उठून कुणी गेलं नाही. शाखेच्या आजवरच्या कामातली ती सर्वांत मोलाची बैठक होती, असं मी आजही म्हणेन.

त्यानंतर आम्ही व्याख्यानाआधी अर्धा तास तुकड्यांसाठी राखून ठेवला. बोलायची भाषा मराठी. हार्डनेस, केस डेप्थ, क्वेंचिंग हे शब्द जसेच्या तसे. एक नियम कडक ठेवला: कंपनीचं, ग्राहकाचं नाव घ्यायचं नाही आणि ऐकलेलं बाहेर व्यवहारात वापरायचं नाही. हा नियम पाळला गेला म्हणूनच माणसं बोलली. भट्टीवर पंचवीस वर्षं उभा राहिलेला ऑपरेटर आणि पीएचडी केलेला संशोधक एकाच तुकड्यावर वाकले, आणि पुष्कळदा ऑपरेटरचा अंदाज आधी बरोबर निघाला. हे मी आनंदाने नोंदवतो.

काय काय आलं त्या टेबलावर! एन-आठ पोलादाचे म्हणून आलेले आणि पाण्यात विझवताना तडकलेले शाफ्ट. ग्राइंडरवर ठिणगी पाहिल्यावर कळलं की गठ्ठ्यात एन-नऊचे बार मिसळले आहेत. कार्बन जास्त, म्हणून पाणी सोसलं नाही. टीसी खरं होतं, बार दुसरा होता. त्यावर काढलेला तोडगा अगदी साधा: बारच्या ज्या टोकाला रंगाची खूण असते ते टोक शेवटपर्यंत कापायचं नाही, उरलेल्या तुकड्यावर खूण राहिली पाहिजे. एवढ्याशा शिस्तीने कितीतरी रिजेक्शन टळतं.

शेतीही आली, आणि ती आली नसती तर ही शाखा नाशिकची म्हणवली नसती. निफाड, पिंपळगाव बसवंतकडचे द्राक्ष बागायतदार पिढ्यान्‌पिढ्या सांगतात की मोरचूद लोखंडी भांड्यात कालवू नये. त्यामागचं कारण आमच्या एका सभासदाने लोखंडी खिळा मोरचुदाच्या पाण्यात बुडवून दाखवलं: खिळ्यावर तांबं चढतं, लोखंड विरघळत जातं आणि औषधातलं तांबं तेवढं कमी होतं. तीच गोष्ट मांडवाच्या गॅल्व्हनाइज्ड तारेची. फवाऱ्यातलं तांबं जस्तावर बसलं की जस्त लवकर खपतं. २००१ च्या द्राक्ष प्रक्रिया धोरणानंतर वायनरी वाढल्या आणि स्टेनलेस टाक्या बनवणारे फॅब्रिकेटर आमच्याकडे येऊ लागले. वाइनमध्ये सल्फर डायऑक्साइड घालतात, तो टाकीच्या वरच्या मोकळ्या भागात साचतो, म्हणून तिथे ३०४ ऐवजी ३१६ ग्रेडचं स्टेनलेस वापरणं शहाणपणाचं. वेल्डनंतर पिकलिंग-पॅसिव्हेशन वगळलं तर वेल्डशेजारीच गंज धरतो. हे विषय कुठल्याही मुख्यालयाच्या कार्यक्रमपत्रिकेत नसतात. ते गावातून यावे लागतात.

हिशेब, निवडणुका, अहवाल यांबद्दल थोडक्यात. अध्यक्ष मोठ्या कंपनीतला असावा, म्हणजे हॉल आणि प्रायोजक मिळतात. सचिव मात्र गावात कायम राहणारा, बदली न होणारा हवा. नीमा किंवा आयमासारख्या उद्योजक संघटनांशी सख्य ठेवावं, कारण लहान उद्योजक तिथे आधीच येत असतो. वर्गणी कमी ठेवावी, चहा चांगला द्यावा. बाकी नियमावलीत आहे.

कोल्हापूरकडे पाहून मला नेहमी वाटत आलं की तिथे फाउंड्रीचा मालक स्वतः संस्थेचा सभासद असतो, त्यामुळे संध्याकाळी ऐकलेलं सकाळी साच्यात उतरतं. नाशिकमध्ये सभासद बहुतेक नोकरदार. त्याला ऐकलेलं पटतं, पण बदल करायची परवानगी वरून आणावी लागते. आमची ही उणीव अजून भरून निघालेली नाही.

विद्यार्थ्यांचं काम मला सर्वांत जवळचं. इथले बहुतेक मेटॅलर्जिस्ट पुण्याच्या सीओईपीतून, नागपूरच्या व्हीएनआयटीतून किंवा पवईच्या आयआयटीतून आलेले. नाशिकच्या कॉलेजांतल्या मुलांना हा विषय मेकॅनिकलच्या एखाद्या पेपरपुरता भेटतो. म्हणून दरवर्षी १४ नोव्हेंबरच्या, राष्ट्रीय धातुशास्त्रज्ञ दिनाच्या आगेमागे आम्ही मुलामुलींना पोलादाचा तुकडा हाताने पॉलिश करायला लावतो. एमरी पेपर बदलत जायचं, प्रत्येक वेळी तुकडा काटकोनात फिरवायचा, शेवटी कापडावर आरसा करायचा, नायटल लावायचं आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचं. पर्लाइटच्या रेघा पहिल्यांदा दिसतात तेव्हा वर्गात जी शांतता होते, तिच्यासाठी ही सारी खटपट सार्थकी लागते. त्यांतल्या काहींनी पुढे याच विषयात पदव्युत्तर शिक्षण घेतलं.

मग ओहोटीही आली. जुन्या कंपन्यांत स्वेच्छानिवृत्त्या झाल्या, प्रयोगशाळा लहान झाल्या, चाचण्या बाहेर देण्याची पद्धत पडली. २०२० च्या मार्चनंतर बैठका ऑनलाइन झाल्या. वक्ते घरबसल्या मिळू लागले, परगावचे लोकही ऐकू लागले. ते चांगलंच झालं. पण मोडलेला तुकडा पडद्यावरून हातात घेता येत नाही, आणि रेकॉर्डिंग चालू असताना कुणीही स्वतःचं रिजेक्शन सांगत नाही. दोन वर्षांत आमचा तो अर्धा तास जवळजवळ संपला. पुन्हा समोरासमोर भेटू लागलो तेव्हा सवय मोडलेली होती, ती अजून पुरती बसलेली नाही.

गरज मात्र वाढली आहे. ओझरला २००४ पासून सुखोई विमानं बनली. ऑक्टोबर २०२५ मध्ये तिथे तयार झालेलं पहिलं तेजस मार्क-१ए उडालं. विमानाचं काम लहान शॉपकडे झिरपत येईल तसा प्रत्येक बारचा, प्रत्येक भट्टीच्या चार्जचा माग ठेवावा लागेल. तापमापकाचं कॅलिब्रेशन कागदापुरतं ठेवून भागणार नाही. हे शिकायला प्रत्येकाने स्वतंत्र ठेच खाण्याची गरज नाही, शेजाऱ्याने खाल्लेली पुरते.

म्हणून मोठ्या कंपन्यांच्या व्यवस्थापकांना विनंती: तुमच्या मेटॅलर्जिस्टला महिन्यातून एक संध्याकाळ मोकळी द्या. सातपूर, अंबड, सिन्नरच्या शॉपमालकांनाही सांगणं आहे. जॉब मोडला तर तो लगेच भंगारात टाकू नका. तुटलेले दोन भाग एकमेकांवर बसवून पाहू नका, ब्रशने घासू नका, धुऊ नका. त्या पृष्ठभागावरच कारण लिहिलेलं असतं. कोरड्या पिशवीत ठेवा, सोबत टीसी आणि हीट ट्रीटमेंटचा चार्ट घ्या, शक्य असेल तर भट्टीवरच्या ऑपरेटरलाही आणा, आणि पुढच्या बैठकीला या.